एका छत्रीवरचे दोन टीव्ही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी पुन्हा चॅनल गेले. बातम्या चालू होत्या, मध्येच चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला आणि सिग्नल नसल्याची पाटी आली. कीर्तनाचा आणि जुन्या हिंदी पिक्चरचा चॅनल बराबर दिसतो, बाकी निम्मे गायब. दसऱ्यापासून हेच चाललंय. दिवाळीत काही दिवस बरं होतं, आता परत सुरू. आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. उद्या कुणी म्हणायला नको की रामप्रसादनं उगीच आळ घेतला.

माझा संशय वरच्या मजल्यावर आहे.

घर एकच, परतुरात स्टेशनच्या अलीकडं. खाली मी आणि दैवशाला. वर माझा धाकटा भाऊ कल्याण आणि त्याची बायको मालन. गच्चीवर टीव्हीची छत्री एकच आहे. तिच्यातून एक वायर निघते, एका डबीत जाते आणि तिथून दोन फाटे होतात. एक त्याच्या टीव्हीला, एक माझ्या. छत्री बसवली तेव्हा आम्ही भाऊ एका ताटात जेवत होतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, स्वतःच्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलं. मी गेलो नाही, दैवशालालाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पाण्याची टाकी वेगळी झाली, अंगणात कपडे वाळवायच्या दोऱ्यासुद्धा वेगळ्या झाल्या. छत्री तेवढी सामाईक राहिली.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सकाळीच स्टेशन रोडवरून हरिओमला बोलावलं. छत्र्या बसवायचं, दुरुस्तीचं काम तोच करतो. म्हणाला, वाऱ्यानं छत्री हलली असेल. वर चढला, इकडं तिकडं फिरवली, खालून मी ओरडून सांगत होतो. सगळे चॅनल आले. त्यानं चहा घेतला आणि गेला.

तो कोपऱ्यावर पोचला नसेल, तोवर वरून टीव्हीचा आवाज सुरू झाला आणि माझ्या बातम्या गेल्या.

म्हणजे तो गच्चीवर असताना वरचा टीव्ही बंद होता. तो जायची वाटच बघत होते की काय?

९ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस नीट लक्ष ठेवलं. मालन सकाळी शाळेत खिचडी शिजवायला जाते. जायच्या आधी वर टीव्ही लागतो. ती दुपारी परत येईपर्यंत एकच चॅनल, एकच कीर्तन. तेवढा वेळ माझे निम्मे चॅनल बंद. ती आली की थोड्या वेळानं टीव्ही बंद होतो आणि माझे चॅनल परत येतात. आज रविवार, ती घरी आहे. आज एकदाही अडचण आली नाही.

आता यात समजायचं काय राहिलं? कामाच्या दिवशी ही बाई टीव्ही लावून निघून जाते आणि नवरा वर बसून मजा बघतो. दैवशालाला सांगितलं तर म्हणाली, "एकटं करमत नसंल त्यांला." मी म्हणालो, करमत नसेल तर चॅनल बदलत बसेल माणूस. दिवसभर एकच चॅनल कोण बघतो? ती तांदूळ निवडत बसली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी ओट्यावर बसलो होतो. कल्याण जिन्यानं उतरला. शेवटच्या पायरीजवळ माझी बादली होती, नेहमी नसते, आज नळाला पाणी आलं म्हणून ठेवली होती. त्यानं सरळ लाथ मारली. पाणी अंगणभर. वळून बघितलंसुद्धा नाही. भिंतीला हात लावत, मान ताठ ठेवून माझ्या समोरून फाटकापर्यंत गेला. मी हातभर अंतरावर बसलेलो. भाऊ म्हणून नाही, निदान माणूस म्हणून तरी नजर द्यावी. एवढा ताठा आधी नव्हता त्याच्यात.

फाटकाशी जरा वेळ उभा राहिला आणि तसाच परत वर गेला. मला बादली दाखवायलाच आला होता, दुसरं काय.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. पोळ्याच्या सुमारास त्यानं टेम्पो विकला. पंचवीस वर्षं टेम्पो चालवला, मोंढ्याच्या बाजारातला कापूस वाहिला, आणि कुणाला न विचारता विकून टाकला. आता दिवसभर घरी. काय शिजतंय ते कळत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी स्वतः जाऊन बघितलं. मालन शाळेत गेली होती. गच्चीवर जायचं निमित्त केलं आणि जिना चढताना त्याच्या खिडकीतून आत पाहिलं.

टीव्ही चालू होता. कीर्तन मोठ्यानं चाललेलं. आणि कल्याण टीव्हीकडं पाठ करून, खिडकीकडं तोंड करून खुर्चीत बसलेला. माझी त्याची नजर समोरासमोर झाली. मी चपापलो. तो हलला नाही, कपाळावर आठीसुद्धा नाही. मी आहे की नाही, त्याला काही फरकच पडत नाही जणू.

बघायचा नाही तर टीव्ही लावायचा कशाला? आता मला शंका राहिली नाही. तो टीव्ही फक्त माझे चॅनल घालवायला लावलेला असतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रियदर्शनी आली होती. हल्ली दर पंधरा दिवसांनी येते. आधी महिनोन् महिने यायची नाही. वरचं दार उघडं होतं. मी टाकी बघायच्या निमित्तानं जिन्यात उभा होतो. तिनं बापाला खाटेवर निजवलं, मान मागं केली आणि पर्समधून छोटीशी बाटली काढून त्याच्या तोंडावर वाकून काहीतरी करून राहिली होती. मालन बाजूला पदर धरून उभी. मग तिनं एक फाइल काढली आणि बापाला वाचून दाखवायला लागली. तोही मुकाट ऐकत होता. स्वतःच्या हातात घेऊन वाचायला काय झालं होतं? सातवी पास आहे माणूस, पेपर वाचल्याशिवाय चहा घेत नव्हता.

मला तर घराच्या वाटणीचा वास येतो. पोरगी बापाकडून वरचा मजला लिहून घ्यायला बघतेय.

दैवशालानं आज धपाटे केले होते. मोजून माझ्यापुढं ठेवले. ओट्यावर ठेवलेलं झाकलेलं ताट संध्याकाळी दिसलं नाही. विचारलं तर म्हणाली, मांजरानं खाल्ले. मांजर ताट घेऊन जातं का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हरिओमला परत बोलावलं आणि माझं निरीक्षण सांगितलं. तो हसला. म्हणाला, मागच्या वेळेलाच माझ्या लक्षात यायला पायजे होतं. छत्रीच्या तोंडाशी जे यंत्र असतं त्याला टीव्हीखालच्या डब्याकडून हुकूम जातो. निम्मे चॅनल एका हुकमावर येतात, निम्मे दुसऱ्या. तुमचे दोन डबे एकाच वायरीवर आहेत. वरच्यानं कीर्तन लावलं की त्याचा हुकूम जोराचा पडतो आणि तुमच्याकडचे दुसऱ्या जातीचे चॅनल जातात. वर टीव्ही बंद झाला की तुमचं सुरू.

मी विचारलं, म्हणजे त्याला हे माहीत असणार?

"काका, हे मलाच आत्ता समजून राह्यलं," तो म्हणाला. "त्यांला काय माहीत असणार?"

उपाय सोपा आहे म्हणे. दोन तोंडांचं यंत्र बसवायचं, दोन वेगळ्या वायरी सोडायच्या. पण माझी नवीन वायर कल्याणच्या खिडकीवरून आणावी लागेल, तिथं भिंतीत खिळे ठोकावे लागतील. त्याला एकदा विचारून घ्या, म्हणाला. मी त्याला रवाना केलं. दोन वर्षांत तोंड उघडलं नाही, ते टीव्हीसाठी उघडू?

१९ नोव्हेंबर, बुधवार

दैवशालाशी कडाक्याचं झालं. मी म्हणालो, त्याची वायरच काढून टाकतो. ती एकदम उभी राहिली. म्हणाली, "काही करा, पण त्यांचा टीव्ही बंद करू नका. माझी आन हाय तुम्हाला." मी कारण विचारलं. ती चुलीपुढं जाऊन बसली.

माझ्या घरात, माझ्याच बायकोची आन, आणि ती वरच्यांसाठी. सगळे एक झालेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काम केलं. मालन गेल्यावर, दैवशाला मोंढ्यात भाजीला गेली तेव्हा, पक्कड घेऊन गच्चीवर गेलो आणि डबीपासून हातभर अंतरावर त्याची वायर कापली. टोक पाण्याच्या टाकीमागं ढकलून दिलं. खाली आलो. सगळे चॅनल, एकूण एक, स्वच्छ. दुपारभर बातम्या बघितल्या.

वरून आवाज नाही. संध्याकाळी मालन भांडायला येईल म्हणून उत्तरं तयार ठेवली. आली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही कुणी आलं नाही. भांडण नाही, विचारणा नाही. यांचं काय चाललंय? मोठं काहीतरी करायच्या तयारीत असणार.

टीव्हीवर सगळं दिसतं, पण माझं लक्ष वरच. सारखी खुर्ची सरकल्याचा आवाज. मध्येच काहीतरी पडलं, भांडं असावं. मग बराच वेळ शांत. इतकी शांतता या घरात कधी नव्हती. दैवशाला माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

सकाळची शाळा, मालन लवकर गेली होती. मी अंगणात दात घासत होतो. वर सहज बघितलं तर गच्चीवर कल्याण. माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता हा माझी वायर कापणार. चूळ टाकून ओरडणारच होतो.

पण त्याचं चालणं पाहून थांबलो. तो खाली बसून, रांगत, वायर हातानं चाचपत पुढं सरकत होता. डावा हात फरशीवर, उजव्या हातात वायर. वायर संपली. तिचं टोक त्यानं दोन बोटांत धरलं, अंगठ्यानं चोळलं, मग उरलेलं कुठं गेलं म्हणून हवेत हात फिरवायला लागला. टाकीच्या पत्र्यावर हात आपटला. तो उभा राहिला आणि मागं सरकला. मागच्या बाजूला आमच्या गच्चीला कठडा नाही. बांधकाम तेवढं राहून गेलेलं. पाठीमागं दगडी नाला आहे.

ओरडावं तर दचकून मागं पडेल. मी ब्रश टाकला आणि जिना चढलो. या वयात असा जिना मी चढलो नव्हतो. वर पोचलो तेव्हा त्याच्या टाचा कडेपासून वीतभर राहिल्या होत्या. तोंड माझ्याकडं होतं. डोळे उघडे होते, माझ्यावरच होते. आणि त्यांत मी नव्हतो.

"कोण हाय?" त्यानं विचारलं. "मालन, आलीस का?"

मी म्हणालो, "कल्याण, हालू नको. हाय तिथंच थांब."

त्याचं तोंड कसनुसं झालं. "दादा?"

मी जाऊन त्याचं मनगट धरलं आणि आत ओढलं. दोघंही टाकीला टेकून खाली बसलो.  त्याच्या हातात वायरीचं टोक तसंच होतं.

मी त्याच्या डोळ्यांपुढं हात हलवला. त्याला वारा लागला असेल. म्हणाला, "नको बघू दादा. उजेड तेवढा कळतो. माणूस न्हाई कळत."

मी विचारलं, कधीपासून. म्हणाला, सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली, आधी बाजूचं दिसेना, मग समोरचंही जायला लागलं. काचबिंदू. टेम्पो घेऊन सातोन्याच्या वळणावर एका बैलगाडीला घासला, त्या दिवशी घरी येऊन चावी मालनच्या हातात दिली.

"मला सांगितलं का न्हाई?"

"तू म्हणला असतास, पोरीच्या पायी झालं."

 म्हणालोच असतो.

हाताला धरून त्याला खाली घेऊन आलो. वर त्याच्या खोलीत नाही, माझ्या घरात. दैवशाला दारात उभी होती. तिनं आम्हाला बघितलं आणि पाट मांडला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांना माहीत होतं. दैवशालाला, समोरच्या घरातल्या साळूबाईंना, दूधवाल्याला. कल्याणनं मालनला शपथ घातली होती आणि मालननं दैवशालाला. मालन सकाळी जाताना टीव्ही लावून द्यायची, कारण रिमोटची बटणं त्याला सापडायची नाहीत, आणि कीर्तन असलं की त्याला वेळ कळायची. कुठल्या महाराजांचं झालं म्हणजे किती वाजले, हे त्याला पाठ होतं. दोन दिवस टीव्ही बंद राहिला तेव्हा त्याला दिवस मावळला की उजाडला तेच समजेना. भांडं पडलं ते त्याच्या हातून.

मी दैवशालाला म्हणालो, तू तरी मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "दोन वर्षं ते तुमच्या डोळ्यांपुढून जात येत व्हते. तुम्ही त्यांच्याकडं बघत व्हता, मी बघत व्हते. मला दिसलं."

बादलीचं आठवलं. रात्री जेवण गेलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळच्या गाडीनं कल्याणला घेऊन जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. प्रियदर्शनी तिथंच भेटली. तिच्याकडची फाइल म्हणजे डॉक्टरांचे कागद. बाटली थेंबांची. मी तिला घराच्या वाटणीबद्दल एक शब्द विचारणार नाही, आणि माझ्या मनात ते आलं होतं हेही तिला कधी कळायला नको.

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही. उजेड कळतो तेवढा टिकला तरी पुष्कळ. थेंब चुकवू नका. मी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणालो, हा खरं सांगतोय कशावरून? कल्याण म्हणाला, "दादा, हा तिसरा हाय."

परतताना गाडीत गर्दी होती. बदनापूरकडून चढलेली कॉलेजची पोरं त्याला जागा देईनात. मी त्यांना उठवलं. त्याला खिडकी दिली. बाहेर काय आहे ते सांगत आलो. कापूस वेचणी कुठं झालीय, कुठं राहिलीय. बोलताना मला वाटलं हा कंटाळला असेल, म्हणून थांबलो. तो म्हणाला, "सांग की."

२९ नोव्हेंबर, शनिवार

हरिओमनं दोन तोंडांचं यंत्र बसवलं. दोन वायरी वेगळ्या सोडल्या, माझी कल्याणच्या खिडकीवरून आली. आता त्यानं काहीही लावलं तरी माझं काही जात नाही. गच्चीच्या मागच्या कडेला गवंड्याकडून कठड्यासाठी विटा उतरवून घेतल्या.

हरिओम गेल्यावर आम्ही वर बसलो होतो. कल्याण अचानक म्हणाला, "वायर तू कापली व्हती ना?"

माकडानं तोडली असेल असं सांगावं म्हणून तोंड उघडलं होतं. पण मग होय म्हणालो.

"टीव्ही गेला तवाच शंका आल्ती, टोक चाचपून बघितलं आन कळलं. पक्कडीचा काप हाय."

"मंग मालनला का न्हाई सांगितलं?"

"तिला म्हणलं, डबा बिघडला. न्हाईतर ती तुझ्या दारात आली असती. भांडण झालं असतं." मग म्हणाला, "म्हणलं आपणच जोडावी, गाठ मारून. कुणाला कळायचं न्हाई."

त्याला राग आला का, ते मी विचारलं. तो म्हणाला, "वायरीचा न्हाई आला. लग्नाला आला न्हाईस त्याचा आल्ता. अजून हाय."

३० नोव्हेंबर, रविवार

आज दुपारी प्रियदर्शनी आणि तिचा नवरा जेवायला आले. खाली, माझ्याकडं. बोलवा असं मीच म्हणालो होतो, आणि सकाळपासून पस्तावत होतो. राजानंद त्याचं नाव. हसनाबादकडच्या एका शाळेत शिकवतो. आल्या आल्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले की पुढं केले, आठवत नाही. ताटावर बसला तर मी बघत राहिलो. काय बोलतो, कसा जेवतो, सासऱ्याची मर्जी धरायला आला की काय. काही बोलला नाही. वाढेल ते खाल्लं.

जेवणं झाल्यावर बायका आत गेल्या. राजानंद अंगणात हात धूत होता. कल्याण माझ्या शेजारी ओट्यावर बसला होता. माझ्याकडं सरकून, हळू आवाजात म्हणाला,

"दादा, कसा हाय रे दिसायला?"

मला समजलं नाही.

"लग्नात दिव्यांच्या लखलखाटात मला धुरातून बघितल्यागत दिसत व्हतं. हार दिसला, फेटा दिसला, तोंड काही नीट बघायला गावलं न्हाई. पुन्हा भेटला तवर नजरच गेली व्हती. पोरीला विचारलं तर ती चांगलाच म्हणणार. मालन तर त्याहून. तू सांग. तू कुणाला उगीच चांगलं म्हणत न्हाईस."

मी अंगणात बघितलं. तो टॉवेल शोधत होता आणि मागायला लाजत होता. मग त्यानं शर्टालाच हात पुसले.

"उंच हाय," मी म्हणालो. "आपल्या दोघांपेक्षा. सावळा. कान जरा मोठे हायेत. केस पुढून विरळ होऊन राह्यलेत, वय दिसतं थोडं."

"आणखी?"

राजानंद वळला. त्याला कळलं असावं की आपल्याबद्दल बोलणं चाललंय. तो तिथंच उभा राहिला, ओले हात पुढं धरून.

"थांब," मी कल्याणला म्हणालो, "नीट बघून सांगतो." आणि जावयाला जवळ बोलावलं.